अहो, त्या रसूलियाच्या गप्प माणसांचं ऐकलंत का?

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणापाशी. कुकर लावलाय ना? मग तीन शिट्ट्या होईपर्यंत वेळ आहे. काल हळदीकुंकवाहून तुम्ही लवकर निघालात आणि खरी गंमत झाली ती तुम्ही चपला घातल्यावर! म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं, नाहीतर समोरच्या वहिनी तिखटमीठ लावून सांगतील. माझं आपलं जसं झालं तसं. मी कशाला पदरचं घालू?

तर झालं काय, वाणं लुटून झाली होती, अत्तरगुलाब झालं होतं, आणि पेपर मिलवाल्या काकू सोफ्यावर मधोमध बसल्या होत्या. त्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. नवरा नोटांच्या कागदाच्या कारखान्यातून केव्हाचा रिटायर झाला, पण काकूंचा रुबाब अजून ड्युटीवर आहे. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या सूनबाई म्हणाल्या, मुलाला शाळेतून आगपेटीच्या काड्यांचं घर करून आणायला सांगितलंय, सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे कुठे मिळतील? झालं! काकू लगेच म्हणाल्या, “ते ना, पुण्याच्या अरविंद गुप्तांचं. यूट्यूबवर आहे सगळं. आपल्याकडे कुठलं आलंय असलं डोकं!”

आणि मास्तरीणबाई तिळगुळाची वडी तोंडात टाकता टाकता थांबल्या. हो हो, त्याच आपल्या, पिंपळाजवळच्या. एरवी कध्धी बोलायच्या नाहीत. त्यांनी वडी परत बशीत ठेवली, तेव्हाच मी ओळखलं की आज काहीतरी होणार. म्हणाल्या, “अहो काकू, त्या काड्या इथल्याच. होशंगाबादच्या. गुप्ता तेव्हा पुण्याच्या टेल्कोत इंजिनियर होते, 1978 साली रजा काढून इथे आले, आपल्या विज्ञानाच्या कार्यक्रमात काम करायला. आठवडी बाजारात हिंडून काय काय स्वस्तातलं गोळा करायचे, त्यातून ते काड्याट्यूबचं निघालं. आणि तो कार्यक्रम सुरू करणाऱ्यांत आपल्या इथल्याच रसूलियाचे फ्रेंड्सवाले होते.”

काकू म्हणाल्या, “कोण? ते क्वेकर? ओट्सवाले?”

बायका अशा हसल्या म्हणता! मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. काकूंना जोर चढला. म्हणतात कशा, “मूठभर माणसं, रविवारी डोळे मिटून गप्प बसायचं, ना घंटा, ना आरती, ना प्रवचन. ती कसलं विज्ञान शिकवतात!”

आणि मग मास्तरीणबाई सुरू झाल्या त्या थांबेचनात. त्या एकेक सांगतायत आणि इकडे काकूंचा चेहरा... पण ते येईलच ओघात.

पहिलं म्हणजे ओट्सचं. त्या कंपनीचा आणि या लोकांचा पैचा संबंध नाही. कंपनीनं आपलं नाव उचललं आणि डब्यावर टोपीवाला बाबा छापला. लोकांचा विश्वास होता ना या मंडळींवर, दुकानात एकच भाव सांगायचे, घासाघीस नाही. ते बघून धंदेवाल्यांना वाटलं, नाव बरं आहे! चॉकलेटवाले कॅडबरी मात्र खरेच क्वेकर बरं का. हे ऐकून सूनबाईंच्या कडेवरचा मुलगा एकदम कान टवकारून बसला.

आणि त्या गप्प बसण्याचं तर... आमच्या सासूबाईंना त्याचं फार नवल. त्या म्हणायच्या, “पुजारीच नाही, मग दक्षिणा द्यायची कुणाला?” इंग्लंडात जॉर्ज फॉक्स म्हणून एक होता, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, शिवाजी महाराजांच्या काळातला म्हणा ना. तो म्हणाला, देवाचा उजेड प्रत्येकाच्या आतच आहे, मग मध्ये दलाल कशाला? झालं, धर्मगुरू बाद! सगळ्यांनी गोल करून बसायचं, गप्प. कुणाला आतून अगदी राहवलंच नाही तर उठून चार वाक्यं बोलायची, बाई असो की बाप्या, की पुन्हा गप्प. तास झाला की शेजारच्याशी हात मिळवायचा, संपली प्रार्थना. मग चहा. युद्धाला जायचं नाही, कोर्टात शपथ घ्यायची नाही, कारण एरवीही खरंच बोलायचं ना, मग वेगळी शपथ कशाला? यापायी त्या काळी हजारोंनी तुरुंगात गेले म्हणे. आणि लग्न? अहो, भटजी नाही, मंगलाष्टकं नाहीत. मुलामुलीनं सगळ्यांसमोर उभं राहून आपलं आपण वचन द्यायचं आणि आलेल्या झाडून सगळ्या पाहुण्यांनी कागदावर सह्या करायच्या! काकू म्हणाल्या, “म्हणजे उद्या घटस्फोट झाला तर आम्ही सगळे साक्षीदार?” मी तर म्हणते, बरंच आहे. निदान जेवून हात पुसत निघून जाता यायचं नाही.

तर काय सांगत होते... हां, काकू. त्यांनी मग ठेवणीतला बाण काढला. “आले होते ते बाटवायलाच ना?”

सगळ्या चिडीचूप. मला वाटलं, आता मास्तरीणबाई चिडणार. पण नाही हो. त्या शांतपणे म्हणाल्या, “सुरुवातीला मिशनरी म्हणूनच आले, ते कशाला नाकारू?” रेचल मेटकाफ म्हणून बाई होत्या, 1866 साली बनारसला उतरल्या. ब्रिटिश क्वेकरांतल्या इथे आलेल्या त्या पहिल्या मिशनरी. तिकडच्या जुन्या मंडळींना असल्या परदेशी मिशनचा उत्साहच नव्हता, तरी बाई निघाल्या! पुढे ही मंडळी आपल्या होशंगाबादकडे आली. बाईंना पुढे संधिवातानं चालवेना, पण खुर्चीत बसून त्या अनाथ पोरांचं बघायच्या. मग आले ते दुष्काळ. 1896 चा आणि पाठोपाठ 1899 चा, ते तर आपल्या आजे-सासऱ्यांच्या तोंडून ऐकलंयच सगळ्यांनी. पोरंच्या पोरं रस्त्यावर आली. त्यांना या लोकांनी घेतलं, आणि नुसतं खायला नाही घातलं, रसूलियात कारखाना काढून हाताला काम शिकवलं. इटारसीला दवाखाना झाला, इथे शाळा झाल्या. बरीच पोरं त्यांच्यातच राहिली, आज जी थोडीफार जुनी घरं आहेत ना त्यांची, त्यातली कितीतरी त्या दुष्काळातल्या पोरांची.

“पण पुढे,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “त्यांच्यातच वाद झाला.” आता वाद म्हटल्यावर मी पाट पुढे ओढला! वाद असा, की लोकांना आपल्यात आणायचं की लोकांत जाऊन राहायचं? 1930 च्या पुढेमागे गांधीजींचं वारं, तिकडे हिल्डा कॅशमोर म्हणून इंग्लंडात गरीब वस्तीत काम केलेल्या बाई आल्या, आणि रसूलियाचं रूपच पालटलं. आश्रमासारखं. खेडी, शेती, विहिरी, आरोग्य. डोनाल्ड ग्रूम आले, ते तर विनोबांबरोबर भूदानाच्या पदयात्रेत चालले! गोरा माणूस, खादी घालून, खेड्याखेड्यांतून... काकू हळूच म्हणाल्या, “आमचे सासरे होते भूदानात.” बघा, बाजू पालटायला लागली होती.

आणि मार्जोरी साइक्स? त्यांचं तर विचारूच नका. यॉर्कशायरच्या, 1928 साली मद्रासला मास्तरीण म्हणून आल्या. शांतिनिकेतनात राहिल्या, बंगाली शिकल्या, टागोरांचं भाषांतर केलं. मग आपल्या वर्ध्याला, सेवाग्रामला, नई तालीमच्या शिक्षकांना शिकवायला. भारताचं नागरिकत्व घेतलं बाईंनी! आणि उतारवयात इथे रसूलियाला येऊन राहिल्या. मास्तरीणबाईंनी त्यांना पाहिलंय म्हणे, साधं सुती पातळ, पायात वहाणा. भारतातल्या क्वेकरांचा इतिहासही त्यांनीच लिहिला, 1980 साली आला तो. आता सांगा, एवढं सगळं आपल्या नाकासमोर, आणि आपण जायचो ते सेठानी घाटावर भजी खायला.

थांबा हं, शिट्टी झाली का तुमची? नाही? बरं.

तर आता खरी ती गोष्ट. सूनबाईंनी विचारलं, “एवढं केलं तर कुणी बक्षीसबिक्षीस नाही दिलं?” मास्तरीणबाई म्हणाल्या, “दिलं की. नोबेल.” अहो, सगळ्यांच्या भुवया वर! 1947 सालचं शांततेचं नोबेल, एकट्यादुकट्याला नाही, क्वेकरांच्या दोन सेवा संस्थांना मिळालं, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन. लढाईनंतर जर्मनीपासून सगळीकडे उपाशी लोकांना, शत्रू म्हणू नका, मित्र म्हणू नका, जेवू घातलं म्हणून. आणि पुढचं ऐका. अमेरिकेतून बक्षीस घ्यायला गेले हेन्री कॅडबरी, हार्वर्डचे प्रोफेसर. समारंभाला तो लांब शेपटीचा काळा कोट लागतो ना, तो काही यांच्याकडे नव्हता. मग काय करावं? संस्थेच्या कोठारात युरोपातल्या गरजूंसाठी कपडे गोळा केलेले असायचे. त्यात बुडापेस्टच्या वाद्यवृंदातल्या वादकांसाठी तसलेच कोट गोळा केले होते. यांनी त्यातला एक उसना घेतला, राजापुढे उभे राहिले, बक्षीस घेतलं, झालं! काकूंकडे मी मुद्दाम बघितलं हो. त्यांच्या मुलाच्या रिसेप्शनला तो सूट आठवतोय ना, दिल्लीहून शिवून आणलेला, ज्याची किंमत आपल्याला तीन वेळा सांगितली? काकू बांगड्या पुढेमागे करत बसल्या.

पण गांधीजींना काही मिळालं नाही ना, तेवढ्यात कुणीतरी म्हणालंच. त्याच वर्षी गांधीजींचंही नाव पुढे होतं, हे तर जगजाहीर आहे. पण मास्तरीणबाईंनी त्यावरही सांगितलं, की पुढच्याच वर्षी, 1948 ला, गांधीजींचं नाव नोबेलसाठी पाठवणाऱ्यांत हेच अमेरिकन क्वेकर होते. बक्षीस स्वतःला मिळालं आणि लगेच नाव दुसऱ्याचं सुचवलं! आणि तेवढ्यात ती जानेवारीची 30 तारीख... त्या वर्षी मग समितीनं ते बक्षीस कुणालाच दिलं नाही. सगळ्या गप्प झाल्या. तेवढ्यात मोठ्या वहिनींनी डोळ्याला पदर लावला, पण त्या तर टीव्हीवरच्या मालिकेलाही लावतात, ते सोडा.

तर काय सांगत होते... विज्ञानाचं! मुद्द्याचं तर राहिलंच. 1972 साली जिल्ह्यातल्या 16 सरकारी शाळांत सुरू झालं ते. इकडून रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर, तिकडून बनखेडीची किशोर भारती, अनिल सद्गोपालांची. आणि मुंबईच्या टीआयएफआरचे, दिल्ली विद्यापीठाचे मोठमोठे शास्त्रज्ञ येऊन खेड्यातल्या मास्तरांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसायचे. शास्त्रज्ञ यशपाल यायचे, यशपाल! पाठांतर बंद. पोरांनी फूल उघडून बघायचं, बी रुजवायचं, ओढ्यावर जायचं, आपलं निरीक्षण आपण लिहायचं. पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा, वर प्रयोग करून दाखवायचा. मास्तरीणबाई नवीन नवीन नोकरीला लागलेल्या, 1978 ला कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला तेव्हाच्या. त्या म्हणाल्या, “पहिल्या प्रशिक्षणात मला कळलं, मीच कधी गांडूळ नीट बघितलं नव्हतं, आणि शिकवत होते!” आणि तो सवालीराम आठवतो का? पोरं त्याला पत्रं लिहायची, आकाश निळं का, माणूस घोरतो का, आणि त्याचं उत्तर यायचं. आमच्या धाकट्यानं विचारलं होतं, आजी रागावली की तिची नथ का हलते. सासूबाई आठवडाभर नथ काढून ठेवून होत्या!

पुढे 1982 ला एकलव्य संस्था झाली, तिनं तो कार्यक्रम सांभाळला, वाढवला. आणि 2002 ला सरकारनं बंद केला. एका फटक्यात. मास्तरीणबाईंचा आवाज इथे जरा बसला. प्रयोगांच्या पेटीतल्या वस्तू, भिंगं, परीक्षानळ्या, शाळेत धूळ खात पडल्या म्हणे. पण इथे रुजलेलं कुठे कुठे निघालं बघा. गुप्तांचं काड्यांचं पुस्तक एकलव्यनंच छापलं, पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पोरांसाठी विज्ञानकेंद्र झालं, गुप्तांना पद्मश्री मिळाली. पुण्याहून निघतं ते ‘शैक्षणिक संदर्भ’ नियतकालिक, ते आपल्या इथल्या हिंदी ‘संदर्भ’चंच भावंड. म्हणजे पुणेकर जे आपल्याला शिकवतात ते आपल्याच घरून गेलेलं! हे ऐकल्यावर काकूंनी यूट्यूबचं नाव पुन्हा काढलं नाही.

शेतीचं सांगितलं की नाही मी? ते तर अजून भारी. रसूलियावाल्यांनी आधी सगळ्यांसारखंच हायब्रीड बियाणं, पोत्यांनी खत, सगळं करून पाहिलं. मग प्रताप अग्रवाल आले, अमेरिकेत प्राध्यापकी केलेले, आणि म्हणाले, बंद करा हे. जपानच्या फुकुओकांचं वाचलं होतं त्यांनी. नांगरणी नाही, खत नाही, फवारा नाही. ऋषी खेती! आजूबाजूचे शेतकरी कुंपणावरून बघून हसायचे, आळशांची शेती म्हणायचे. आमचे मामंजीपण हसायचे, कशाला लपवू. तवा धरणाचं पाणी आलेलं, सगळीकडे ट्रॅक्टर धडधडतायत, आणि हे लोक जमिनीला हात लावू नका म्हणतायत! पण फुकुओकांचं ते काडाच्या क्रांतीचं पुस्तक भारतात छापलं कुणी? रसूलियाच्या याच सेंटरनं. आज जो तो नैसर्गिक शेतीवर भाषण ठोकतो, सरकारी जाहिराती लागतात, आणि हसलेल्यांचीच नातवंडं त्याच्या वर्कशॉपला पैसे भरून जातात.

आता एवढं ऐकून काकू काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, “पण एवढी थोडी माणसं, एवढं चालवतात कसं? आमच्या मंडळात दोघींचं जमत नाही.” आणि हे प्रामाणिकपणे विचारलं हो त्यांनी, टोमणा नव्हता. मास्तरीणबाई म्हणाल्या, “त्यांच्यात मतदानच नाही.” मीटिंग असते, पण तीही प्रार्थनेसारखीच. एक जण बोलला की मध्ये जरा शांतता, मग दुसरा. पटलं नाही तर तसं सांगायचं. एकाचंही मन मानत नसेल तर पुन्हा गप्प बसायचं, नाहीतर विषय पुढच्या महिन्यावर. सगळ्यांचं जमलं की मीटिंग चालवणारा क्लार्क तिथल्या तिथे लिहून काढणार, वाचून दाखवणार, सगळे हो म्हणाले तरच पक्कं. हरलं कोण, जिंकलं कोण, प्रश्नच नाही.

“वेळ किती जात असेल!” सूनबाई म्हणाल्या. जातो तर. गुलामीचंच घ्या ना, पूर्वी अमेरिकेत त्यांच्यातल्याच काही श्रीमंतांच्या घरी गुलाम होते. जॉन वूलमन नावाचा एक साधा शिंपी गावोगाव फिरून त्यांच्या घरी जायचा, ओरडायचा नाही, नुसता समजावायचा, आणि ज्या घरी उतरला तिथल्या गुलामांच्या हातावर कामाचे पैसे ठेवायचा! यजमानाची काय अवस्था होत असेल, कल्पना करा. अशी वर्षानुवर्षं गेली, पण 1776 ला फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी ठरवलं, गुलाम ठेवणारा आमच्यात नको. देशात गुलामी संपली त्याच्या जवळजवळ 90 वर्षं आधी, तेही बंदूक न उचलता. काकू म्हणाल्या, “आणि आम्ही मंडळाची अध्यक्ष निवडायला चिठ्ठ्या टाकल्या तर तीन वर्षं बोलणं बंद.” सगळ्या हसल्या, काकूसुद्धा! मग काकूंनी स्वतः उठून मास्तरीणबाईंना तिळगूळ दिला. मी डोळ्यांनी पाहिलं.

आता माझं म्हणाल तर, देव डोळे मिटल्यावर दिसतो की घंटा वाजवल्यावर, ते मला कळत नाही. मी आपली आरती म्हणणार. पण ज्यांना बोलायची हौस नाही त्यांच्या हातून कामं होतात, एवढं मात्र मला काल पटलं. आपल्याकडे फलक आधी लागतो, नळ नंतर येतो, तोही आला तर.

शिट्टी झाली बघा तुमची, जा. पण एक ऐका. येत्या रविवारी कॉलनीची मीटिंग आहे, बोअरवेलची. गेल्या वेळी काय झालं ते काय सांगायचं, खुर्ची अजून मोडकीच आहे. या वेळी हात वर करायच्या आधी सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसवून बघू या. काकूंना तुम्ही सांगा, मी सांगितलं तर मुद्दाम बोलतील. आणि हसू नका, मीही बसेन गप्प. पाचच मिनिटं हं, त्याच्या वर माझी हमी नाही.